जुनं क्वार्टर घासू नका, चुंबकालाही विचारू नका

अमेरिकेत कुणी नातेवाईक असलेल्या मराठी घरांमध्ये एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: पोरांना सांगा, चिल्लर तपासा. १९६५ च्या आधीचं क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं नाणं, चांदीचं असतं. जितकं जुनं तितकी किंमत जास्त. टांकसाळीने कमी पाडलेलं नाणं लाखांत जातं. चांदी खरी की खोटी हे चुंबक लावून बघा. मग घासूनपुसून लख्ख करा. अंगावर रेघा असतील किंवा आकडा गिचमिड असेल तर नाणं नकली समजा.

यातलं चांदीचं वाक्य खरं आहे. १९६४ सालापर्यंतच्या क्वार्टरमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास चांदी असते. बाकीच्या सल्ल्याने लोक पैसेही घालवतात आणि नाणीही.

चिल्लर तपासून वॉशिंग्टनचा चेहरा असलेलं एखादं १९६४ चं क्वार्टर क्वचित हाती लागेलही. त्यात ५.६ ग्रॅम चांदी, त्याचे होतील तेवढे पैसे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं क्वार्टर मात्र वाण्याच्या गल्ल्यातून निघत नाही. ते लिलावात किंवा नाण्यांच्या व्यापाऱ्याकडेच भेटतं.

"जितकं जुनं तितकं महाग." हे कुठल्याच नाण्याला लागू नाही. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा हजारोंचा साठा १९०६ मध्ये सापडला. जवळपास दोन हजार वर्षांची ही नाणी, पण त्या प्रकारचं एखादं नाणं जुन्या अमेरिकी क्वार्टरच्या मानाने स्वस्तच म्हणायचं. खुद्द क्वार्टरचं बघा. १८३५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १९,५२,००० क्वार्टर पाडली. त्यातलं झिजलेलं पण स्वच्छ नाणं आज साधारण शंभर-दोनशे डॉलरांत मिळतं. त्याहून ६६ वर्षांनी लहान असलेलं, गरुडाखाली 'एस' अक्षर असलेलं सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचं १९०१ चं क्वार्टर पार गुळगुळीत झालेलं असलं तरी हजारोंत जातं, कारण ती ७२,६६४ च पडली होती आणि बहुतेक वापरात झिजून संपली.

मग कुणी म्हणेल, म्हणजे कमी पाडलेलं तेच महाग, मजकुरात लिहिलंय तसंच. इथे खरी गंमत आहे. पहिलं अमेरिकी क्वार्टर १७९६ चं. साधारण ६,१४६ पडली. त्यानंतर थेट १८०४ मध्ये, ती ६,७३८. आकडे जवळजवळ सारखे, पण नाण्यांचं नशीब सारखं नाही. १७९६ चं पहिलंवहिलं म्हणून लोकांनी जपून ठेवलं, त्यामुळे न झिजलेली नाणी बऱ्यापैकी उरली. १८०४ चं कुणी जपलं नाही. कोऱ्या अवस्थेतलं १८०४ चं क्वार्टर १७९६ च्या कितीतरी पट दुर्मीळ. तरीही झिजलेल्या नाण्यांत जास्त पैसे मोजले जातात ते १७९६ ला. कारण मागच्या बाजूला छोटा गरुड असलेलं क्वार्टर त्या एकाच वर्षी निघालं. प्रत्येक नमुन्याचं एकेक नाणं जमवणाऱ्याला ते घेतल्यावाचून गत्यंतर नाही. १८०४ चा मोठा, ढालवाला गरुड हवा असेल तर १८०५, १८०६, १८०७ चं कुठलंही चालतं.

शिवाय टांकसाळीची वही नाण्यावरच्या सालाशी जुळतेच असं नाही. तेव्हा ठसे पोलादाचे, महागाचे. जुन्या सालाचा ठसा चालतोय तोवर वापरायचा. वहीत नोंद व्हायची ती त्या वर्षी किती नाणी हवाली केली याची. १८२७ च्या नावावर ४,००० क्वार्टर आहेत, पण १८२७ साल असलेली मूळ नाणी आज नऊ-दहाच माहीत आहेत. त्यातही एक मेख आहे: पुढे कित्येक वर्षांनी टांकसाळीतच त्याच सालाची नाणी पुन्हा पाडली गेली. ओळखायचं कसं? मागच्या बाजूला '२५ सी.' (२५ सेंट) मधल्या दोनचा पाय बघायचा. मूळ नाण्यात तो वळणदार, नंतरच्या नाण्यात सपाट.

क्वार्टर इतकी कमी का पाडली, हे मजकूर लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटतं. दुर्मीळ करायची म्हणून नव्हे. लोकांच्या खिशात स्पेनचे दोन रियालचे तुकडे होते, पाव डॉलरचं काम तेच करत. परदेशी नाणी १८५७ पर्यंत अमेरिकेत कायदेशीर चलन होती. आणि टांकसाळीत चांदी घेऊन येणारा मालकच ठरवायचा की त्याची कुठली नाणी पाडून हवीत. तो मोजायला सोपं म्हणून डॉलर नाहीतर अर्धा डॉलर मागायचा. पाव डॉलरला गिऱ्हाईकच नव्हतं. १८०८ ते १८१४ या काळात एकही क्वार्टर पडलं नाही.

आता घासण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. आपल्याकडे देवाची चांदीची भांडी रांगोळीने, टूथपेस्टने घासतात, तेव्हा नाणंही घासावं हे सहज सुचतं. पण ठसा आपटतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेघा उमटतात. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की चमक चक्रासारखी फिरते ती या रेघांमुळे. रांगोळीचा एक हात फिरला की त्या गेल्या, आणि गेल्या त्या कायमच्या. वर येतं ते सपाट, पांढरट चकाकणं, जाणत्या माणसाच्या एका नजरेत कळणारं. प्रतवारी करणाऱ्या कंपन्या नाण्याला १ ते ७० मधला अंक देतात. घासलेल्या नाण्याला अंकच मिळत नाही, नाणं बंद केलेल्या डबीवर नुसतं 'डिटेल्स' आणि 'साफ केलेलं' असा शेरा पडतो. दोनशे वर्षांची करडी-निळी झाक हा नाण्याचा मळ नाही. ती तशीच ठेवा.

रेघांचंही तसंच. १८०७ पर्यंतच्या क्वार्टरवर कधी कधी कानशीच्या समांतर रेघा दिसतात आणि नवखा माणूस 'कुणीतरी खरवडलंय' म्हणून ते परत करतो. खरवडलंय हे खरं, पण टांकसाळीनेच. कोरा चकता तोलून बघायचे. वजन जास्त भरलं तर कानस मारून उतरवायचे, मग ठसा मारायचे. दाबाखाली बऱ्याच रेघा बुजतात. उरतात त्या कडेला किंवा मधोमध, जिथे धातू ठशात पुरता भरला नाही. नंतर पडलेल्या ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना उचललेली बारीक धार असते. भिंगातून फरक दिसतो.

आणि गिचमिड आकडा? तो नकलीपणाचा पुरावा नव्हे, कित्येकदा तोच शौकिनांचा जीव की प्राण. १८०६ च्या सहाखाली पाच, १८२३ च्या तीनखाली दोन: जुन्या ठशावर नवं साल ठोकलेलं. माझी सगळ्यात आवडती चूक १८२२ ची. कारागिराने क्वार्टरच्या ठशावर '५० सी.' ठोकलं, अर्ध्या डॉलरचं, आणि मग त्यावरच '२५' मारलं. खालचे आकडे स्पष्ट दिसतात. तो ठसा फेकला नाही, कुठेतरी ठेवून दिला. सहा वर्षांनी, १८२८ मध्ये, पुन्हा बाहेर काढून त्याच चुकीसकट वापरला! १७९६ च्या नाण्यावर तर किंमत लिहिलेलीच नाही; ती १८०४ पासून आली.

राहिलं चुंबक. चांदी चुंबकाला चिकटत नाही, बरोबर. पण आजचं क्वार्टरही चिकटत नाही. ते तांब्यावर तांबं-निकेलचा थर दिलेलं असतं. नकली नाणीही बहुतेक न चिकटणाऱ्या धातूंची करतात, काही तर खऱ्या चांदीची. चिकटलं तर नकली एवढंच कळतं. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या नव्हे, सोनाराच्या काट्यावर ठेवा आणि व्यास मोजा. १८१५ ते १८२८ ची क्वार्टर साधारण २७ मिलिमीटरची. १८३१ पासून चकत्याभोवती कडं लावून पाडायला लागले तेव्हापासून २४.३. वजन मात्र १८३६ पर्यंत तेच, ६.७४ ग्रॅम, झिजेने थोडं कमी भरेल. व्यास दुसऱ्या काळाचा आणि साल पहिल्या काळाचं असेल, तर पैसे देऊ नका.