नको म्हणजे नकोच ना!

‘अगं, मैत्रीत कसली परवानगी?’ हे वाक्य परत एकदा कानावर पडलं तर मी खरंच किंचाळेन.

मैत्रिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिने ग्रुपवर स्वच्छ लिहिलं होतं, ‘आठवडाभर कोणी येऊ नका, काही लागलं तर मीच सांगेन.’ तिसऱ्याच दिवशी चौघीजणी कोथरूडला तिच्या दारात! तीनदा बेल वाजवली. वॉकर सरकवत तिनेच दार उघडलं आणि वर चहाचं आधणही तिनेच ठेवलं, एका हाताने ओटा धरून. दर वेळी हेच! दुखणं असो, घटस्फोट असो, नाहीतर नुसतंच एकटं बसावंसं वाटलेला रविवार असो.

हरकत घेतली की मी शिष्ट. ‘माणसाला माणूस लागतोच.’ लागतो हो, कोण नाही म्हणतंय? 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पुण्यात नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. त्या रात्री आपल्या अंगावर शेजारणीचं लुगडं होतं, हे आजी शेवटपर्यंत सांगायची. सांगताना डोळे भरायचे तिचे. पण तो पूर होता. गुडघा दुखत असताना झोपलेल्या बाईला उठवणं म्हणजे आधार नव्हे!

शुक्रवारी मैत्रिणीचा फोन आला. ‘ड्रेसिंगला घेऊन जाशील? वर नको येऊस, खालीच थांब.’

मी रिक्षा घेऊन गेटपाशी थांबले.