आपल्या अभिप्रायास उत्तर: ‘बेली’तील अंधार आणि आमचा प्रोजेक्टर

महोदय, सप्रेम नमस्कार.

‘बेली’ या १९९८ सालच्या चित्रपटाचा आमच्याकडील खेळ पाहून आपण एक तारा दिला आहे आणि प्रोजेक्टरचा दिवा मेलेला होता, कोण कोणाच्या बाजूचा तेही कळले नाही, कर्मचारी उर्मट होता, तेव्हा पैसे परत द्यावेत, असे लिहिले आहे. कर्मचाऱ्याच्या बोलण्याने आपले मन दुखावले, याबद्दल मी दिलगीर आहे. दिव्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ‘मेलेला दिवा’ हे शब्द छोट्या चित्रपटगृहाला एकदा चिकटले की प्रेक्षक तिकीट खिडकीपर्यंतही येत नाहीत.

दिग्दर्शक हाइप विल्यम्स हे संगीतव्हिडिओंमधून नावारूपाला आले आणि हा चित्रपट त्यांनी जाणूनबुजून स्वप्नासारखा रंगवला आहे. सुरुवातीचा न्यूयॉर्कमधील नाइटक्लबचा दरोडा अतिनील प्रकाशात चित्रित केलेला असल्याने देह अंधारात विरतात आणि डोळे तेवढे चमकतात; जगातील कोणत्याही पडद्यावर हे दृश्य असेच दिसेल. दिवा खरोखरच थकला असता, तर त्यानंतर येणारे नायक टॉमीचे पांढरेशुभ्र घर मळकट, पिवळट दिसले असते. ते घर ‘जाहिरातीसारखे लख्ख’ दिसले, असे आपणच त्याच अभिप्रायात लिहिले आहे. डिजिटल प्रक्षेपणासाठी पडद्याच्या मध्यभागी प्रति चौरस मीटर ४८ कँडेला इतकी उजळता प्रमाण मानली जाते आणि आम्ही ती मीटर लावून तपासतो. अंदाजाने पडदा उजळण्याचा धंदा आम्ही केलेला नाही.

लिहिणार नव्हतो, पण कर्मचाऱ्याचा विषय आपण काढलाच आहे. तो आपल्याकडे आला होता तो मोबाइलचा उजेड कमी करण्याची विनंती करण्यासाठी, आणि तीही मागच्या रांगेतून तक्रार आल्यावर. उजळ मोबाइलवरून काळोख्या पडद्याकडे वळलेल्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, एवढेच मी नम्रपणे सुचवतो.

कथेबद्दल थोडेसे. हेरॉइनच्या धंद्यात उतरलेला टॉमी आणि त्यातून बाहेर पडू पाहणारा सिन्सिअर यांची मैत्री, पुढे सरकारी यंत्रणेने टॉमीला एका धर्मोपदेशकाच्या गोटात घुसण्यास भाग पाडणे, या साऱ्यात निष्ठा सतत सरकत राहतात. कोण कोणाच्या बाजूचा, हे टॉमीलाही बराच काळ ठरवता येत नाही. हे आवडणे न आवडणे हा सर्वस्वी आपला अधिकार आहे. तो दोष प्रोजेक्टरच्या माथी मारू नये, इतकीच विनंती.

आपण चित्रपट शेवटपर्यंत पाहिला असल्याने तिकिटाचे पैसे परत करणे शक्य होणार नाही. कर्मचाऱ्यांशी बोलणे झाले आहे, अशा चित्रपटांच्या वेळी खिडकीवर सूचना लावण्याचा विचार आहे, आणि दिव्याची तपासणीही लवकरच पुन्हा करून घेऊ, जरी तिची गरज आहे असे मला वाटत नाही.

आपला विश्वासू,
चित्रपटगृहाचा मालक