साबणवाले, तारवाले आणि एक सराफ : एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नाव न लिहिता 'तुझ्या काकाच्या वयाचा एक निवृत्त टेलिफोनवाला' एवढीच सही केलीत, म्हणून काकाच म्हणतो. उत्तराला आठ दिवस लागले. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला होता आणि रागात लिहिलेलं मला दुसऱ्या दिवशी खोडावं लागतं, हा जुना अनुभव आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मोबाइल आणि टीव्हीच्या कंपन्या चालवणाऱ्या वरिष्ठांची शिक्षणं आणि आधीच्या नोकऱ्या यांवर मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की ही माहिती कंपन्यांनी आपल्याच माणसांबद्दल लिहिलेल्या परिचयांतून उचललेली आहे, म्हणजे 'नवऱ्या मुलाची चौकशी त्याच्याच आईकडे केलीस'. शिवाय जाळं उभारलं इंजिनिअरांनी आणि गादीवर बसले साबण विकणारे, याचं मी कौतुक केलं. शेवटी त्यांनी विचारलंय, 'तू कधी टॉवरवर चढलायस का?'

आईकडच्या चौकशीचं म्हणणं मुकाट्यानं मान्य. त्याची शिक्षाही मला मिळाली आहे, फक्त तुमच्या नजरेतून ती सुटली. अमेरिकेतल्या व्हेरायझन या मोबाइल कंपनीचे माजी प्रमुख हान्स वेस्टबर्ग यांना मी 'हाडाचे इंजिनिअर' म्हटलं होतं. मोबाइल जाळ्याची यंत्रं बनवणाऱ्या एरिक्सनसारख्या कंपनीचे प्रमुख, मग २०१७ साली व्हेरायझनमध्ये तंत्रज्ञान प्रमुख, २०१८ साली सीईओ. आता एवढं सगळं असल्यावर माणूस इंजिनिअरच असणार, असं मी धरून चाललो. प्रत्यक्षात त्यांची पदवी उपसाला विद्यापीठातली, व्यवसाय प्रशासनाची. एरिक्सनचे प्रमुख होण्याआधी तिथे ते वित्त विभाग सांभाळत होते. ते वाक्य मी दुरुस्त केलंय आणि मूळ चूक खोडलेली दिसेल अशीच ठेवली आहे.

त्या निमित्तानं आईला सोडून इतर कुठे चौकशी करता येते ते पाहिलं. सेबीच्या नियमामुळे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला वार्षिक अहवालात संचालकांच्या कौशल्यांचा तक्ता द्यावा लागतो, कोणाकडे काय आहे ते नावानिशी. कल्पना झकास. पण कितीतरी अहवालांत हा तक्ता बालवाडीच्या प्रगतिपुस्तकासारखा असतो, सगळ्यांना सगळ्यात बरोबरची खूण. तंत्रज्ञानाच्या रकान्यात वकीलही पास, बँकरही पास. खरा कामाचा कागद वेगळाच आहे. संचालकाची नेमणूक किंवा फेरनेमणूक करायची असते तेव्हा भागधारकांना सभेची नोटीस जाते. तिला जोडलेल्या माहितीत त्या माणसाचं इतर संचालकांशी नातं, इतर कंपन्यांतली पदं आणि गेल्या ३ वर्षांत कुठल्या नोंदणीकृत कंपन्यांच्या मंडळांवरून तो पायउतार झाला, हे द्यावंच लागतं. म्हणजे मोडलेल्या सोयरिकी कळतात. पुढचा लेख या कागदांवरून लिहीन.

आता साबण. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

माणसानं आधी काय काम केलं, यावरून तो लायक की नालायक हे ठरत नाही, असं मला वाटतं. आधीचं काम हाताला वळण लावतं. अडचण आली की तो हात सवयीनं कुठे जातो, तेवढंच त्यावरून ओळखता येतं. माझ्या मूळ लेखात हे नीट आलं नाही, पदव्यांचीच यादी झाली, हा दोष माझा.

सुनील मित्तल घ्या. लुधियानात १९७६ साली वडिलांकडून २०,००० रुपये घेऊन त्यांनी सायकलचे सुटे भाग करायला सुरुवात केली. पुढे जपानहून सुझुकीचे छोटे जनरेटर आणून विकले. १९८३ साली सरकारनं जनरेटरच्या आयातीवर बंदी घातली आणि धंदा रातोरात बसला. मग बटणांचे टेलिफोन आणि तिथून १९९५ साली दिल्लीत मोबाइल सेवा. या माणसाच्या कंपनीनं, म्हणजे एअरटेलनं, २००४ साली काय केलं? मोबाइलचं जाळं चालवायचं काम एरिक्सनला दिलं आणि संगणकांचं काम आयबीएमला. टेलिफोन कंपनीनं आपलं जाळंच दुसऱ्याच्या हाती द्यायचं! काका, तुमच्या खात्यात वाढलेला कुठला अधिकारी याला धजला असता? एक्स्चेंजच्या खोलीची किल्ली तुम्ही शिपायाकडेसुद्धा देत नव्हता, हे तुम्हीच लिहिलंय. पण ज्यानं दुसऱ्यानं बनवलेला जनरेटर गिऱ्हाईक शोधून विकला, त्याला यात अघटित काही वाटलं नसणार. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, याला साधा शब्द आहे, जॉबवर्क. कास्टिंग एकाकडे, मशीनिंग दुसऱ्याकडे आणि मालावर नाव आपलं.

आणि तुमचे ते 'साबणवाले', गोपाळ विठ्ठल. हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये घडलेला हा माणूस २०१३ साली एअरटेलचा सीईओ झाला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि दरांची माती झाली. जाळ्याचा माणूस अशा वेळी जाळ्याकडे पाहतो, किती टॉवर वाढवायचे ते. दुकानाचा माणूस गल्ल्याकडे पाहतो, म्हणजे कुठलं गिऱ्हाईक परवडतं आणि कुठलं नुसतंच फळी अडवून बसलंय. २०१८ च्या अखेरीस एअरटेलनं ३५ रुपयांचं किमान रिचार्ज आणलं. नुसते फोन घेण्यापुरतं कार्ड ठेवणारे कोट्यवधी ग्राहक गळाले. पण डिसेंबर २०१८ च्या तिमाहीत दरमहा माणशी १०४ रुपये असलेली कमाई मार्च २०२५ च्या तिमाहीत २४५ वर गेली. मधल्या वर्षांत सगळ्यांनीच दर वाढवले, ते सगळं श्रेय एका माणसाचं नाही. पण पहिला हात कुठे गेला ते बघा. साबणाच्या कंपनीत न खपणारी वडी बंद करतात, तसंच हे. मिस्ड कॉलवर संसार चालवणाऱ्या शाहूवाडी-गगनबावड्याच्या म्हाताऱ्या माणसांना हे भोवलं, आणि त्याबद्दल मी लेखात चकार शब्द काढला नाही. तिथे तुमचा राग रास्त आहे. मात्र 'साबणवाल्याला टेलिफोन कळत नाही' हे निदान चुकीचं आहे. त्याला गिऱ्हाईक नको तितकं चांगलं कळतं.

उलट बाजू बघू. टेलिफोनवालेच हवेत, हे मान्य केलं तर अमेरिकेतली एटी अँड टी ही आदर्श कंपनी ठरायला हवी. रँडल स्टीफनसन १९८२ साली साउथवेस्टर्न बेलमध्ये (हीच पुढे एटी अँड टी झाली) लागले ते थेट अध्यक्ष होईपर्यंत त्याच घराण्यात राहिले. जॉन स्टँकी १९८५ साली पॅसिफिक बेलमध्ये आले, तेही तसेच. या दोघांच्या काळात कंपनीनं टाइम वॉर्नर घ्यायचं ठरवलं, म्हणजे एचबीओ, सीएनएन आणि वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ. २०१६ साली जाहीर झालेला हा सौदा ८५ अब्ज डॉलरच्या घरातला. २०१८ साली तो पुरा झाल्यावर त्या मनोरंजनाच्या घरावर प्रमुख म्हणून बसवलं कोणाला? स्टँकींना. एचबीओला नावारूपाला आणणारे रिचर्ड प्लेपलर वर्षभराच्या आत बाहेर पडले. एप्रिल २०२२ मध्ये तो सगळा डोलारा वेगळा काढून डिस्कव्हरीत विलीन केला. त्या बदल्यात एटी अँड टीला चाळीसएक अब्ज डॉलर मिळाले आणि तिच्या भागधारकांना नव्या कंपनीचा ७१ टक्के हिस्सा, त्यामुळे नुसती वजाबाकी करून तोटा काढू नका. तरीही २०१८ साली मांडलेला संसार चार वर्षांत मोडला, हे खरंच.

त्याच देशात कॉमकास्ट. तिचे संस्थापक राल्फ रॉबर्ट्स हे पट्टे विकणारे. कमरेचे पट्टे, पँटचे गेलीस! १९६३ साली त्यांनी मिसिसिपीतल्या टुपेलो गावचं १,२०० ग्राहकांचं केबलचं जाळं विकत घेतलं. त्यांचा मुलगा ब्रायन याच्या काळात, २०११ साली, कॉमकास्टनं एनबीसी युनिव्हर्सलचा ताबा घेतला. मग स्वतः तिथे जाऊन बसण्याऐवजी त्यांनी स्टीव्ह बर्क यांना बसवलं, आणि बर्क मूळचे डिस्नेत वाढलेले. आपल्या हाताला हे वळण नाही, हे पट्टेवाल्याच्या पोराला कळलं. तारेवर उभं आयुष्य काढलेल्यांना कळलं नाही. आपल्याकडे जिओस्टारच्या वरच्या खुर्च्यांत उदय शंकर आहेत आणि ते मूळचे पत्रकार, एवढं जाता जाता नोंदवतो. त्यावर वेगळं लिहायचंय.

'कोल्हापूरच्या वाचकाला अमेरिकेतले साहेब कशाला?' असंही एक वाक्य तुम्ही टाकलंय. बरं, कोल्हापूरचं घ्या. १ जून १९२९ रोजी या गावात एक मीडिया कंपनी निघाली. प्रभात. पाच भागीदार. दामले आणि फत्तेलाल रंगाच्या ब्रशातून आलेले, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. धायबर कॅमेऱ्यामागचे. शांताराम त्याआधी हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपात राबलेले. आणि पाचवे सीताराम कुलकर्णी, सराफ. यातला एकही सिनेमाच्या शाळेत गेलेला नव्हता, कारण तशी शाळाच नव्हती. बोलपट आला तेव्हा ध्वनीचं खातं दामल्यांनी अंगावर घेतलं, म्हणजे पडदे रंगवणारा माणूस ध्वनिमुद्रक झाला. त्या सराफाला तुम्ही 'दागिने विकणारा' म्हणून बाहेर बसवलं असतंत काय?

बीएसएनएलबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचताना मात्र मी थांबलो. '२५ वर्षं आम्ही इंजिनिअरच वर होतो, तरी कंपनी का बसली ते तुझ्या लेखात दिसत नाही.' नाही दिसत, आणि माझ्या वळणाच्या हिशेबातही ते बसत नाही. कारण तिथे हात कुठे न्यायचा हे हातवाल्याच्या मर्जीवर नव्हतंच. ४जीचे स्पेक्ट्रम कधी द्यायचे, निविदा कधी काढायची आणि २०२० साली ती रद्द का करायची, हे निर्णय दिल्लीत झाले. स्वदेशी ४जीचं उद्घाटन झालं २७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर खासगी कंपन्यांचं ५जी येऊन तीन वर्षं होत आली होती. अशा ठिकाणी वरच्या अधिकाऱ्याचा परिचय वाचून काय कळणार? फाइल कोणाच्या टेबलावर अडली ते विचारायला हवं. हा मुद्दा मी तुमच्या नावे, म्हणजे 'एका टेलिफोनवाल्या काकांच्या' नावे, लेखात घातलाय.

राहिला टॉवर. नाही चढलो. मला तिसऱ्या मजल्याच्या गच्चीतून खाली बघितलं तरी गरगरतं. पण कॉलेजात असताना राजारामपुरीत एका केबलवाल्याकडे मी दोन वर्षं काम केलंय. गच्चीगच्चीवरून काळी वायर ओढायची आणि पाच तारखेपासून घरोघरी पैसे गोळा करायचे. भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी सिग्नल गेला की गल्लीतल्या बायका-पोरांच्या शिव्या मी खायच्या, मालक फोन उचलायचा नाही. म्हणून असेल, कुठल्याही कंपनीकडे मी शेवटच्या घराच्या दारातून बघतो. टॉवरकडून बघायची सवय मला नाही. हे माझं वळण.

आणि एक विनंती. कर्नाटकातल्या कित्तूरला १९८६ साली सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं पहिलं १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालं, त्यानंतर तसली यंत्रं आपल्या भागातल्या गावांत बसवणाऱ्या तुकडीत तुम्ही होतात, असं प्रतिक्रियेच्या तळाशी एका ओळीत उरकलंय. ती एक ओळ तुमच्या बाकीच्या दोन पानांपेक्षा मोलाची आहे. वातानुकूलनाशिवाय ते यंत्र गावच्या खोलीत कसं टिकायचं, पहिला फोन कोणाच्या घरी लागला, सगळं लिहा. टाइप करायचा कंटाळा असेल तर मी वही घेऊन येतो. रविवारी सकाळी रंकाळ्यावर फिरायला येता, असं लिहिलंयत. किती वाजता?