डोक्यात तयार असतं, फक्त उतरवायचं असतं म्हणे!

परत तोच मेसेज आला. यावेळी फॅमिली ग्रुपवर, मावसभावाने टाकला आणि खाली खास माझ्यासाठी "ताई, तू तर वाचच हे". तुमच्याकडे अजून पोचला नसेल तर थोडक्यात सांगते. खऱ्या कलाकाराच्या डोक्यात चित्र आधीच पूर्ण असतं, तो एका बैठकीत ते उतरवतो, खोडत नाही, चौकटी आखत नाही, फोटो बघत नाही. पुरावा काय, तर पिकासोचा नॅपकिन (म्हणे त्याने नॅपकिनवर झटक्यात चित्र काढलं, भलीमोठी किंमत मागितली आणि म्हणाला यामागे अख्खं आयुष्य आहे) आणि आपले राजा रविवर्मा, ज्यांना देवी म्हणे ध्यानात दिसायच्या. शेवटी आम्हा लोकांना एक टोला, आजकालचे पेंटर म्हणजे मोबाईलवरून नक्कल मारणारे. ग्रुपवर उत्तर लिहायला बसले तर एवढं लांबलं की म्हटलं इथेच टाकते.

आधी रविवर्मा, कारण ते आपल्या बडोद्याच्या घरचं प्रकरण आहे. सयाजीराव महाराजांनी 1888 मध्ये त्यांना पुराणातल्या विषयांवर चौदा चित्रांची ऑर्डर दिली. ध्यानात दिसत असतं तर माणूस दुसऱ्या दिवशी कॅनव्हास ताणून बसला असता ना? हे साहेब धाकट्या भावाला घेऊन आधी उत्तर हिंदुस्थान फिरून आले, लोक काय नेसतात, काय घालतात ते बघायला, आणि चौदाच्या चौदा व्हायला 1890 उजाडलं. मॉडेल बसवायचे, पोर्ट्रेटला फोटोही वापरायचे. मागचे डोंगर-झाडं बऱ्याचदा भाऊ रंगवायचा, सी. राजराजा वर्मा, जो स्वतः चांगला चित्रकार होता आणि डायरी लिहायचा, म्हणून तर त्यांचं काम कसं चालायचं ते आपल्याला कळतं. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात फत्तेसिंग म्युझियम आहे, तिकीट काढून जा एकदा. पुराणातल्या बायका नऊवारीत दिसतील. ध्यानात नऊवारी कुठून आली असेल सांगा बरं.

पिकासोच्या नॅपकिनची गोष्ट मी इतक्या प्रकारे ऐकलीय की कधी दोन मिनिटं असतात कधी तीस सेकंद, आणि किंमत दर वेळी नवीन. तशातलं नोंद असलेलं बोलणं व्हिसलर या चित्रकाराचं आहे. त्याने एका टीकाकारावर बदनामीची केस केली होती, त्यात 1878 साली लंडनच्या कोर्टात समोरच्या वकिलाने त्याला विचारलं की दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता? तो म्हणाला, नाही, आयुष्यभराच्या ज्ञानाचे मागतो. केस जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खुद्द पिकासोचं बघायचं तर त्याचं गेर्निका हे चित्र बघा. 1937 च्या एप्रिलअखेर स्पेनमधल्या त्या नावाच्या गावावर बॉम्ब पडले, 1 मे ला त्याने पहिली स्केचेस केली आणि जूनच्या सुरुवातीला पावणेआठ मीटर रुंद चित्र तयार. स्पीड आहेच, नाकारत नाही. पण मधल्या टप्प्यांचे फोटो त्याची मैत्रीण, फोटोग्राफर डोरा मार हिने काढून ठेवलेत, त्यात मुठ आवळलेला एक हात वर गेलेला दिसतो, शेवटच्या चित्रात तो हात नाहीच. घोड्याचं डोकं आधी खाली होतं, मग वर आलं. डोक्यात फायनल होतं तर हा हात आला कुठून आणि गेला कुठे?

चौकटी आखणं म्हणजे चीटिंग हे वाचून तर मी हसलेच. इजिप्तचे लोक थडग्यांच्या भिंतींवर लाल रेघांच्या चौकटी मारायचे. आणि ज्या व्हॅन गॉगला सगळे वेडाच्या भरात रंग फेकणारा समजतात त्याने 1882 मध्ये दोरे ताणलेली लाकडी फ्रेम बनवून घेतली होती, तिच्यातून बघून चित्र काढायचा आणि भावाला पत्रात तिचं स्केच काढून कौतुकाने पाठवलं.

फोटोच्या बाबतीत मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. मोबाईल सावली काळी करून टाकतो, जवळची वस्तू फुगवतो, आणि जो त्याच्यावरून आंधळेपणाने उतरवतो त्याचं चित्र मेलेलं दिसतं, खरंय. म्हणून मी फोटो काढते पण जागेवर जाऊन रंगांच्या नोट्सही करते, "सावलीत जांभळट, वर पिवळं" असं काहीतरी बिलाच्या पाठीमागे.

आता एका बैठकीचं, इथे मी जरा सविस्तर सांगणार. दांडिया बाजारात आजीच्या वाड्यात झोपाळा आहे, पितळी कड्यांचा, त्याचं तीन बाय चार फुटी ऑइल मी जानेवारीपासून करतेय. आधी काडेपेटीएवढी अकरा स्केचेस केली, त्यातली नऊ फालतू. मग कोळशाने कॅनव्हासवर, मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने, म्हणजे गडद तपकिरी रंगाने, नुसता उजेड-अंधार. हा थर पातळच लागतो, तेल वरच्या थरांत वाढवत जायचं, उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि खालचा हलत राहतो, मग भेगा. म्हणजे घाई मनाने करायची म्हटली तरी रंग करू देत नाही. त्यात झोपाळ्यावर आजी बसवली होती. चांगली जमली होती हो, सगळे म्हणाले चेहरा हुबेहूब. पण मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघितलं, आरशात उलटं बघितलं, दर वेळी तेच, डोळा आजीवर जाऊन बसतो आणि झोपाळा म्हणजे नुसतं फर्निचर. तीन आठवडे कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग एका दुपारी पॅलेट नाइफने आजीला खरवडलं. हात कापत होता खरंच, आजी जाऊन दोन वर्षं झालीयत. आता तिथे घडी घातलेली गोधडी आहे, आणि जिथे ती टेकून बसली होती तिथे गोधडी थोडी दबलेली. उन्हात तिरकं धरलं की खालची खांद्याची कड अजून उठून दिसते, ती मी मुद्दाम घासली नाही. पिकासोच्या म्हाताऱ्या गिटारवाल्याच्या चित्राखालीसुद्धा एक बाई आहे, एक्स-रेमध्ये दिसते.

एका बैठकीत होणारी चित्रं असतात की, इथल्या कमाटीबागेत रविवारी जाऊन बघा, वॉटरकलरवाले तासाभरात उठतात. पण त्यात पांढरा कागद कुठे सोडायचा ते आधी ठरवावं लागतं, नंतर झाकता येत नाही, त्यामुळे विचार जास्तच. आणि दुसऱ्या टोकाला आपलं बडोद्याचं कीर्तिमंदिर, चित्रकार नंदलाल बोसांनी तिथल्या चार भिंती 1939 ते 1946 अशा येऊन-जाऊन रंगवल्या. सात वर्षं! त्यांना कोणी नाही म्हणालं की तुमच्या डोक्यात तयार नाही वाटतं.

घाईचा धडा मी स्वतः एकदा घेतलाय. एका लग्नात प्रेझेंट द्यायचं म्हणून महिन्याभरात ऑइलवर व्हार्निश मारलं, जे सहा महिने तरी थांबून मारायला हवं होतं. पेपरात गुंडाळून नेलं आणि उघडलं तर नवरानवरीच्या आकाशात सोन्याच्या भावाची बातमी चिकटलेली.

तर मावसभावाला एवढंच लिहिलं की रविवारी ये, झोपाळा दाखवते, येताना सेव-उसळ आण. त्याचा लगेच रिप्लाय, "झालं का पूर्ण?" नाही रे बाबा. डावीकडची कडी अजून पितळेची वाटत नाहीये, प्लास्टिकची वाटतेय.