मुलीला इमर्जन्सी ग्रुप सोडायला लावू नका

परवा रात्री ताईचा फोन आला. भाची सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या मुलांनीच चालवलेला एक इमर्जन्सी मेडिसिन (म्हणजे तातडीच्या उपचारांची शाखा) इंटरेस्ट ग्रुप आहे आणि ती दर शनिवारी दुपारी दोन तास तिथे जाते. ताई म्हणाली, "मी तिला तो ग्रुप सोडायला सांगितलंय. तूही समजाव." कारण विचारलं, तर आत्तेभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज. तोच मेसेज मला त्या आठवड्यात आणखी तिघांनी पाठवला होता आणि मी तो न वाचता पुसला होता. आता घरातच पोचलाय म्हटल्यावर उत्तर देणं भाग आहे.

मेसेज म्हणतो: वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पालकांनो, मुलांना या इमर्जन्सी ग्रुपपासून लांब ठेवा. ही खरी शाखा नाही, कॅज्युअल्टीतली (रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातली) हमाली आहे. अमेरिकेतसुद्धा या शाखेच्या जागा ओस पडल्यात. या नादात नीट पीजीची (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची) रँक जाते. आणि विद्यार्थ्याने रस्त्यात कुणाला सीपीआर दिला (म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबली) आणि माणूस दगावला, तर मुलगा थेट तुरुंगात. म्हणून त्याला बाजूला व्हायला शिकवा.

शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. बाकीचं चुकीचं आहे, पण हे वाक्य जीव घेणारं आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी काम करते. हृदय बंद पडलेल्या माणसाला सीपीआर मिळाला नाही, तर दर मिनिटाला त्याची वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत आली तरी तोवर काय उरलं असेल, याचा हिशेब कुणीही करावा. त्या दहा मिनिटांत तिथे असतो तो शेजारचा माणूस. छातीच्या मध्यावर, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. याला डॉक्टरची पदवी लागत नाही. हे शाळेतल्या मुलांना शिकवता येतं. आणि हा मेसेज डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना सांगतो, बाजूला व्हा!

तुरुंगात टाकणारं कलम कोणतं, हे मेसेजमध्ये कुठेही नाही. उलट बाजूचं कलम मी सांगते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. अपघातातल्या माणसाला जो सद्भावनेने, स्वतःहून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करतो, त्याच्यावर त्या माणसाच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. मदत करताना त्याच्या हातून हयगय झाली असली तरीही नाही. 'हयगय' हा शब्द त्या कलमातच आहे, म्हणून ताईला मी ते फोनवर दोनदा वाचून दाखवलं. त्याआधी ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनिसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली होती. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, रुग्णालयाला त्याला अडवून ठेवता येत नाही.

कुणी म्हणेल, हे तर मोटार अपघातापुरतं आहे. रेल्वे स्टेशनवर कुणी कोसळला तर? बरोबर, १३४अ तिथे लागू होत नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत ते ९२ होतं. संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला ते संरक्षण देतं. नाडी न लागणाऱ्या माणसाची छाती दाबणं याहून अधिक भल्याचं काय असणार?

एक गोष्ट मान्य करते. विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने इंजेक्शन देऊ नये, औषधाची चिठ्ठी लिहू नये. नोंदणी झालेली नसताना ते बेकायदाच आहे. पण या ग्रुपमध्ये तसलं काही चालत नाही. भाचीला मी एकेक शनिवार विचारला. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, सीपीआर, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देायची मास्कची पिशवी) धरणं, ईसीजीच्या पट्ट्या वाचणं, फोमवर टाके घालणं, वाहणारं रक्त दाबून थांबवणं. कधी परवानगी काढून कॅज्युअल्टीत रेसिडेंट डॉक्टरच्या मागे उभं राहून बघणं. आपण काय करायचं नाही, हेही तिथेच सांगतात.

माझ्या वेळी असं काही नव्हतं. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीच्या पहिल्याच आठवड्यात पहाटे चारला एक शेतकरी आणला, फवारणीचं औषध प्यायलेला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, अंग घामाने निथळलेलं, श्वास थांबत आलेला. ॲट्रोपिनचा, म्हणजे त्यावरच्या उताऱ्याचा, डोस मला पाठ होता. पण अंबू बॅगचा मास्क चेहऱ्यावर बसेना. हवा बाजूने निसटत होती, छाती उचलत नव्हती आणि सीएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेले. सिस्टरने माझी बोटं धरून जागेवर बसवली: अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याखाली, जबडा वर ओढायचा. छाती उठली. तो माणूस वाचला तो त्या सिस्टरमुळे. ती नसती तर काय झालं असतं, हा विचार आजही मला सोडत नाही. भाची ही पकड तिसऱ्या शनिवारी शिकली. तिच्या हातात चूक झाली तर प्लास्टिकची छाती उचलली जात नाही, इतकंच.

आणि अभ्यासक्रम तिला काय देतो? २०२१ च्या नियमांनुसार वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीचे दोन आठवडे. मग सरकारी कॉलेजच्या मुलांना बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष, बहुतेकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे रात्री मण्यार चावलेला पोरगा येतो, ट्रॅक्टरखाली आलेली बाई येते, आणि सल्ला द्यायला शेजारी कुणी नसतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाची माणसं त्यांच्यासमोर मरत होती. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी केल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि मृत्यूंचं प्रमाण अगदी खाली आणलं. जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचलं. मेसेज ज्याला कॅज्युअल्टीतली हमाली म्हणतो, ते हेच काम.

"खरी शाखा नाही" याला फार वेळ देत नाही. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र शाखेची मान्यता दिली. त्यात एमडी होता येतं, डीएनबी होता येतं; दोन्ही पदव्युत्तर पदव्या. मात्र सरकारी धोरणाची धरसोड झाली, हे नाइलाजाने कबूल करावं लागतं. २०२० मध्ये प्रत्येक मेडिकल कॉलेजात हा विभाग सक्तीचा केला आणि २०२३ मध्ये एमबीबीएससाठीच्या सक्तीच्या विभागांच्या यादीतून तो काढून टाकला. तो निर्णय मला चुकीचा वाटतो. पण जिथे विभागच नाही तिथे मुलांना हे शिकवणार कोण? तिथे तर हे ग्रुप जास्तच हवेत.

अमेरिकेचा मुद्दा अर्धा खरा आहे. २०२३ च्या तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या निवडप्रक्रियेत इमर्जन्सी मेडिसिनच्या ५५४ जागा रिकाम्या राहिल्या. पण पुढच्याच वर्षी तो आकडा १३५ वर आला, हे मेसेजमध्ये नाही. शिवाय तिथली भीती होती ती २०३० पर्यंत या शाखेचे डॉक्टर गरजेपेक्षा जास्त होतील याची. २०२१ च्या एका अभ्यासाने तसा अंदाज दिला होता. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. डॉक्टर जास्त होण्याची चिंता आपण कुठल्या तोंडाने करायची?

राहिली रँक. काही कॉलेजांत असे ग्रुप नुसती पोस्टर आणि प्रमाणपत्रं वाटतात, तिथे वेळ जातो, हे मी पाहिलंय. अशा ठिकाणी जाऊ नये. अंतिम वर्षाच्या परीक्षेआधी दोन महिने ग्रुपमधून सुट्टी घ्यावी. पण आठवड्यातले दोन तास, त्यातही ईसीजी आणि विषबाधेच्या केसेस, याने नीट पीजी बुडत नाही. परीक्षेत तेच विचारतात.

काल कलम १३४अ चा मजकूर मी घरच्या ग्रुपवर टाकला. आत्तेभावाने अजून उत्तर दिलेलं नाही. ताईने मात्र सकाळी फोन करून विचारलं, पुढच्या शनिवारी पालकांना येऊन सीपीआर शिकता येईल का. भाचीला विचारलं. ती म्हणाली, दोन मॅनिकिन आहेत, या.