'स्पष्टवक्ता' यांस: पोटरी, हृदय आणि शाळेचं पुस्तक

मागच्या रविवारच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ते इतरांसाठी आधी इथे देते: "पोटरी स्वतःहून धडधडत नाही, तिला दुसरं हृदय म्हणणं हे व्हॉट्सअॅप विज्ञान आहे; लिहिण्याआधी शाळेचं पुस्तक तरी उघडायचं." पुढे आणखी तीन तक्रारी: 'अशुद्ध रक्त' हा शब्द चूक, एक लाख किलोमीटर रक्तवाहिन्यांचा आकडा फुगवलेला, आणि चित्रात शिरा निळ्या का.

त्या 'तरी'बद्दल आधी बोलू. ते पुस्तक मी २६ वर्षं शिकवलं, खडू हातात घेऊन, उभ्याने. दुसऱ्याला पुस्तक उघडायला सांगताना समोर कोण आहे एवढी चौकशी करावी. तुम्ही डॉक्टर असाल, प्राध्यापक असाल, टोपणनावामागे काहीही असू शकतं. असो.

तर दुसरं हृदय. मावशीला आपण दुसरी आई म्हणतो, तेव्हा तिच्या पोटी जन्मलो असा दावा कोणी करत नाही. हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्यात, आपला ठोका आपणच उठवणाऱ्या पेशींचा पुंजका असतो. पोटरीत तसं काही नाही, ती पाय हलला तरच आवळते. हे वाक्य लेखात राहून गेलं होतं, आता घातलंय. पण एवढंच सांगायचं होतं, तर ते एका ओळीत आणि बऱ्या शब्दांत मावलं असतं.

आता पोटरीचं काम बघा. तुम्ही स्तब्ध उभे राहिलात की घोट्यापासून हृदयापर्यंत नीलांमध्ये, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांमध्ये, रक्ताचा अखंड स्तंभ उभा राहतो आणि पावलापाशी दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास जातो. रक्त फिरत असतंच, पण त्या दाबाने पाणी बाहेर झिरपतं आणि पाय सुजतो. मग चालायला लागा. पोटरी आवळली की आतली खोल नीला पिळली जाते, तिच्यातल्या झडपा खालची वाट अडवतात, रक्ताला वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं. निरोगी पायात थोड्याच पावलांत तो दाब ३० च्या खाली येतो. विहिरीवरच्या मोटारीचा फुटवॉल्व्ह ज्याने पाहिलाय त्याला हे समजायला पुस्तक लागत नाही.

आणि पुस्तकाचंच म्हणाल, तर या झडपांचं सविस्तर वर्णन इटलीतल्या पडुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञाने १६०३ मध्ये छापलं. त्याच्या मते रक्त पायांकडे लोटून तिथे साचू नये म्हणून झडपा त्याला थोपवत होत्या. का? तर गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या ग्रंथांतलं रक्त यकृतातून बाहेर वाहत होतं, आणि ग्रंथ चुकेल कसा! फॅब्रिशियसचाच विद्यार्थी इंग्रज डॉक्टर हार्वे. त्याने दंड बांधला, फुगलेल्या शिरेवर बोट फिरवून पाहिलं, रक्त एकाच दिशेला सरकतं, हृदयाकडे. १६२८ मध्ये त्याने ते छापलं. पुस्तकं त्यानेही उघडली होती, बरं का.

माझे वडील २८ वर्षं एसटीत कंडक्टर होते. चालत्या गाडीत दिवसभर उभे. पायांवर शिरांच्या गाठी, घोट्याजवळची कातडी काळी पडलेली, आणि तिथे एक जखम जी भरायचं नाव घेईना. एका डॉक्टरांनी चार वर्षं मलमं बदलली. पाय बांधा, उशाला नाही तर पायांखाली उशी घ्या, चाला, हे कोणी सांगितलं नाही. शेवटी एका वयस्कर सर्जननी पोटरी हातात धरून सांगितलं, "हे तुमचं दुसरं हृदय, याच्या झडपा गेल्यात." वडिलांना तेवढ्यात सगळं कळलं. व्हॉट्सअॅप तेव्हा जन्मायचं होतं. आज माझ्याही पायात शिरा आवळून धरणारे घट्ट मोजे आहेत, तेव्हा हा शब्द मी कुठून उचलला याची काळजी तुम्ही करू नये.

बाकीचं थोडक्यात. 'अशुद्ध' काढला, शिरांतल्या रक्तात घाण नसते, प्राणवायू कमी असतो, मान्य. लाख किलोमीटरवर तुम्ही क्रोघ या डॅनिश शास्त्रज्ञाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या अंदाजाबद्दल बरंच लिहिलंय. वाहिन्या मोजत बसणं हा माझ्या लेखाचा विषय नव्हता. आणि शिरेतलं रक्त काळपट तांबडं असतं हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही उघडायला सांगितलेल्या पुस्तकात तिचं नावच 'नीला' आहे. चित्र बदलणार नाही.