पोर्ट ८० वर कोण बसलंय?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकीच्या गळतीचा विषय निघाला की पाच मिनिटांत तो सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडला जातो. म्हणून सभेत मी बोलून गेलो, "विषयवार बोलता येईल असा फोरम मी घरच्या कॉम्प्युटरवर उभा करतो. त्यासाठीचं पीएचपीबीबी नावाचं सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतंय." फुकट ऐकताच ठराव एकमताने मंजूर. हे आमच्याकडे प्रथमच घडलं.

आधी झॅम्प उतरवलं, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरला वेबसाइट चालवण्याजोगं करणारा संच. वेबपानं वाढणारा अपाची, डेटाबेस सांभाळणारी मारियाडीबी, पीएचपी आणि पर्ल या प्रोग्रामिंग भाषा असा सगळा शिधा एकाच गाठोड्यात. अपाचीसमोरचं स्टार्ट दाबलं आणि खाली लाल अक्षरं उमटली: पोर्ट ८० वर, म्हणजे वेबसाइटच्या नेहमीच्या दारावर, आधीच कोणीतरी बसलंय. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. तासभर मी रुमालवाला शोधत होतो. कुठल्या पोर्टवर कोण आहे ते सांगणारं नेटस्टॅट चालवलं, पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) ४ हाती लागला, टास्क मॅनेजरमध्ये त्याच्यापुढे नुसतं 'सिस्टीम', म्हणजे खुद्द विंडोज. चोराचा माग काढत थेट पोलीस ठाण्यातच पोहोचलो म्हणायचं! शेवटी कॉन्फिग फाइलीत ८० चं ८०८० केलं आणि निमूट मागच्या सीटवर जाऊन बसलो.

मारियाडीबी गुणी निघाली, पहिल्या हाकेला उठली. (मारियाडीबी ज्यातून निघाली त्या मायएसक्यूएलमधली 'माय' ही तिच्या कर्त्याची, म्हणजे विडेनियसची थोरली लेक आणि मारिया धाकटी. मी इतकी वर्षं 'माय' म्हणजे 'माझं' समजत होतो.) डेटाबेस बनवताना कोलेशन निवडायचं होतं, म्हणजे अक्षरं कुठल्या भाषेच्या रीतीने ओळीत लावायची ते. यादीत स्वीडिश, सिंहली, एवढंच काय एस्परांतोसुद्धा. मराठी नाही. यादी तीनदा खालीवर केली आणि मुकाट सगळ्या भाषांना सामायिक असं युनिकोड घेतलं.

मग पीएचपीबीबीच्या इन्स्टॉलरने डेटाबेसचा पासवर्ड विचारला. माझे होते नव्हते तेवढे पासवर्ड टाकून झाले, मांजराच्या नावासकट. चाळीस मिनिटांनी कळलं, झॅम्पमध्ये रूटला, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य खात्याला, मुळात पासवर्डच नसतो. रकाना रिकामा सोडायचा. कुळाचा मूळपुरुष आणि वाड्याला कडी नाही!

सगळं पार पडल्यावर फर्मान आलं: इन्स्टॉल फोल्डर काढून टाका, तोवर कारभाऱ्याच्या दालनाशिवाय (अॅडमिन पॅनेल) काही उघडणार नाही. बांधकाम झालं, परांची उतरवा. डिलीट दाबताना हात थरथरला.

ताठ मानेने ग्रुपवर लिंक टाकली: लोकलहोस्ट, ८०८०. सेक्रेटरी काकांचा लगेच फोन, "अहो, उघडत नाहीये." कसं उघडणार? लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, जो टाइप करेल त्याचंच मशीन. मी अख्ख्या सोसायटीला जेवायला बोलावलं होतं आणि पत्रिकेत पत्ता छापला होता, 'आपल्या राहत्या घरी'.

निदान घरातल्या वायफायवर तरी चालावं म्हणून फायरवॉलची मनधरणी केली आणि माझ्या कॉम्प्युटरचा घरच्या नेटवर्कमधला १९२.१६८ वाला पत्ता बायकोच्या मोबाइलवर टाकला. उघडलं! तिने आतल्या खोलीत बसून नोंदणी केली, संदेश लिहिला, "टाकलाय रे" असं ओरडून सांगितलंही. मला दिसेना. नव्या सभासदाचे सुरुवातीचे संदेश मंजुरीशिवाय झळकत नाहीत, अशी त्यात सोयच असते. ती मंजुरीची रांग शोधत मी कारभाऱ्याचं अख्खं दालन पालथं घातलं. सापडली. एक संदेश प्रलंबित. रीतसर मंजूर केला, मग वाचला.

"गॅसवर दूध ठेवलंय, बघ."

दूध तोवर ओटा ओलांडून फरशीवर आलं होतं.